रेल्वे गेली, क्लब राहिला: अराराक्वाराच्या फेरोव्हियारियाचा इतिहास आणि ओळख

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्राझीलचे फ्लेमेंगो, सांतोस, कोरिंथियन्स आपल्याला ठाऊक असतात. पण तिथल्या छोट्या शहरांतल्या क्लबांना स्वतःची काही ओळख असते का? की ते नुसते मोठ्या क्लबांना खेळाडू पुरवत बसतात? एखादा क्लब घेऊन सविस्तर सांगाल का?

ओळख असते, आणि कधी कधी ती मोठ्या क्लबांपेक्षा ठसठशीत असते. पण दहा क्लबांची नावं आणि त्यांच्या ट्रॉफ्या मोजून ती हाती लागत नाही. एकच क्लब घ्यावा आणि त्याच्या मुळाशी जावं. मी साओ पाउलो राज्यातल्या अराराक्वारा शहराचा फेरोव्हियारिया निवडतो. फुटबॉलवर मराठीत लिहिता लिहिता ब्राझीलच्या राज्य स्पर्धांच्या जुन्या नोंदी चाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या नोंदींत ज्या क्लबांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबलो, त्यांत हा पहिला. कारणही आधीच सांगून टाकतो. ज्या रेल्वेने हा क्लब जन्माला घातला ती रेल्वे कंपनी केव्हाच इतिहासजमा झाली, तरी क्लब गावाचा म्हणून उभा आहे. आणि आज दक्षिण अमेरिकेत त्याचं नाव घेतलं जातं ते मुख्यतः त्याच्या महिला संघामुळे.

आधी शहर बघू. अराराक्वारा साओ पाउलो महानगरापासून साधारण पावणेतीनशे किलोमीटर आत आहे. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २ लाख ४० हजार भरली. ब्राझीलच्या मानाने हे छोटं शहर. भोवती एकेकाळी कॉफीचे मळे होते, पुढे ऊस आणि संत्री आली. १८८५ मध्ये इथे रेल्वे पोहोचली ती कॉफी बंदराकडे नेण्यासाठी. मग इथल्याच मंडळींनी पुढे वायव्येकडे, रानं तोडून नवे मळे वसत होते त्या दिशेला, स्वतःची रेल्वे काढली: एस्त्रादा दे फेरो अराराक्वारा. स्थानिक लोक तिला तिच्या आद्याक्षरांनी ‘ए-एफे-आ’ म्हणत. १९१९ मध्ये ती राज्य सरकारने ताब्यात घेतली.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, आणि क्लब समजायला ती फार उपयोगी पडते. साओ पाउलोकडून येणारी कंपान्या पाउलिस्टा या रेल्वे कंपनीची ब्रॉडगेज अराराक्वाराला संपायची आणि तिथून पुढे ही दुसरी रेल्वे मीटरगेजवर धावायची. मिरजेला एकेकाळी वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र यायचे आणि माल-माणसं एका गाडीतून दुसरीत चढवावी लागायची, तसंच इथे होतं. पुढे १९५० च्या दशकात दुसऱ्या रेल्वेचे रूळही रुंद केले गेले. पण तोवर जिथे गेज बदलतो तिथे हमाल लागतात, फिटर लागतात, कारकून लागतात, वर्कशॉप उभं राहतं, मुख्य कचेरी येते, कामगारांची घरं येतात. म्हणजे अराराक्वारात रेल्वे हे नुसतं प्रवासाचं साधन नव्हतं. शहरातल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटत होती.

ब्राझीलमध्ये रेल्वे आणि फुटबॉल यांचं नातं तसं पहिल्या दिवसापासूनचं. १८९४ मध्ये इंग्लंडहून शिक्षण संपवून परतलेला चार्ल्स मिलर साओ पाउलो रेल्वेत नोकरीला होता, आणि १८९५ मध्ये त्याने भरवलेला प्रसिद्ध सामना रेल्वेच्या आणि गॅस कंपनीच्या नोकरांमध्ये झाला. त्यानंतर जिथे जिथे रूळ गेले तिथे तिथे क्लब निघाले. जुंदियाईचा पाउलिस्टा १९०९ चा, बाउरूचा नोरोएस्ते १९१० चा, दूर ईशान्येला फोर्तालेझाचा फेरोव्हियारिओ १९३३ चा. सगळे रेल्वे कामगारांचे. त्या मानाने अराराक्वाराचा क्लब उशिरा जन्मला, १२ एप्रिल १९५० ला. अंतोनिओ तावारेस पेरेइरा लिमा या रेल्वेतल्या अभियंत्याच्या पुढाकाराने कर्मचाऱ्यांनी ‘असोसिआसाओ फेरोव्हियारिया दे एस्पोर्तेस’ स्थापन केली. रेल्वेवाल्यांची क्रीडा संघटना, इतकंच साधं नाव. या नावाची आद्याक्षरं ‘आ-एफे-ए’. त्यावरून क्लबच्या चाहत्यांना आजही ‘आफेआनो’ म्हणतात.

तारीख लक्षात घ्या. जूनमध्ये ब्राझीलमध्ये विश्वचषक सुरू व्हायचा होता, रिओचं मराकाना मैदान बांधून होत आलं होतं, देशभर फुटबॉलची हवा होती. आणि या सरकारी रेल्वेचा तो भराचा काळ होता. रूळ पाराना नदीच्या काठापर्यंत नेण्याचं काम चालू होतं. क्लब जन्मला तो या दोन उत्साहांच्या संगमावर.

रंग डाळिंबी आणि पांढरा. हा डाळिंबी रंग रेल्वेच्या गाड्यांवरून घेतला असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. क्लबांच्या रंगांच्या कथा बहुतेक वेळा नंतर जुळवलेल्या असतात, म्हणून मी अशी कथा ‘सांगतात’ एवढ्यावरच सोडतो. पण कथा खरी असो वा नसो, आज त्या रंगावाचून क्लब ओळखूच येणार नाही. साओ पाउलो राज्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे संघ किती! त्यात हा डाळिंबी सदरा दुरून कळतो. टोपणनाव अर्थातच ‘लोकोमोतिव्हा’, म्हणजे इंजिन.

मैदान लगेचच झालं. १० जून १९५१ ला फोन्ते लुमिनोसाचं उद्घाटन झालं, आणि पाहुणा म्हणून बोलावला तो रिओचा वास्को द गामा क्लब. वर्षभरापूर्वीच्या विश्वचषकातल्या ब्राझील संघाचा कणा याच क्लबातून आला होता. यजमान ५-० ने हरले. पण त्या दिवशी निकालाला महत्त्व नव्हतं; रिओचा सर्वांत बलाढ्य संघ आपल्या गावात उतरला, याला होतं. मैदानाचं अधिकृत नाव त्याच वर्षाच्या सुरुवातीला पायउतार झालेल्या राज्यपालाचं, डॉ. आदेमार दे बारोस यांचं. सरकारी रेल्वे, सरकारी आश्रय, राज्यपालाचं नाव, सगळं एका सुतात बसतं. लोकांनी मात्र जवळच्या रोषणाईच्या कारंज्यावरून पडलेलं नावच धरून ठेवलं.

इथे मुंबई-गोव्याच्या वाचकाला एक शंका येईल. रेल्वेचा संघ म्हणजे आपल्याकडे सेंट्रल रेल्वे, वेस्टर्न रेल्वेचे संघ असतात तसाच ना? सुरुवात तशीच, शेवट निराळा. आपल्याकडे कंपनीचा किंवा खात्याचा संघ बहुधा त्या मालकाचाच राहतो. महिंद्रा युनायटेड एकदा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ होता. २०१० मध्ये कंपनीने निर्णय घेतला आणि संघ बंद झाला. डेम्पो आणि साळगावकर २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, आणि राष्ट्रीय पातळीवर त्यांची जागा एका दिवसात रिकामी झाली. मालकाने हात काढला की खेळ आटोपला. फेरोव्हियारियात मालकाने हात काढायचाच काय, मालकच नाहीसा झाला. मग क्लब का टिकला?

माझ्या मते तीन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे तो खात्याचा संघ म्हणून नव्हे, सभासदांची संघटना म्हणून निघाला. रेल्वेत नसलेला गावकरीही त्यात आपला वाटा मानू शकत होता. दुसरी, त्याचं मैदान गावात होतं आणि मोठं होतं. रविवारी दुपारी जायची ती जागा होती. तिसरी आणि सर्वांत वजनदार, स्पर्धेची रचना. ब्राझीलमध्ये प्रत्येक राज्याची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा असते, वर-खाली जाण्याच्या अनेक पायऱ्या असतात, आणि साओ पाउलोची राज्य स्पर्धा तर जुन्या काळी राष्ट्रीय स्पर्धेपेक्षाही मानाची होती. तिथे अराराक्वारा विरुद्ध रिबेरांव प्रेतो, अराराक्वारा विरुद्ध बाउरू असे सामने होतात. संघ कंपनीचं नाव लावून मैदानात उतरतो, पण हरतो-जिंकतो ते शहर. हे दहा-वीस वर्षं चाललं की कंपनी मागे पडते आणि शहर पुढे येतं.

आणि फेरोव्हियारियाच्या बाबतीत ती पहिली दहा-वीस वर्षंच सोन्याची होती. १९५५ ची राज्याची दुसरी श्रेणी जिंकून संघ वर आला. १९५९ मध्ये राज्यात तिसरा. पुढे फक्त पाल्मेइरास आणि सांतोस. १९६० मध्ये संघ पोर्तुगाल आणि आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींच्या दौऱ्यावर गेला. ज्या शहरातले बहुतेक लोक रेल्वेने जास्तीत जास्त साओ पाउलोपर्यंत जात, तिथली पोरं समुद्रापलीकडे खेळून आली.

त्या वर्षाचा एक दिवस नीट सांगायला हवा. रविवार, ४ सप्टेंबर १९६०. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र तेव्हा सिमोन द बोव्हुआरसह ब्राझीलच्या दौऱ्यावर होता. अराराक्वाराच्या नव्या तत्त्वज्ञान महाविद्यालयातला तरुण प्राध्यापक फाउस्तो कास्तील्यो याने त्याला एक अवघड तात्त्विक प्रश्न पाठवला आणि त्याचं उत्तर द्यायला सार्त्र या छोट्या शहरात आला. साओ पाउलोहून मोठमोठी विद्वान मंडळी ऐकायला आली. पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला फेर्नांदो एन्रिके कार्दोझो त्यांत होता. हे व्याख्यान पुढे पुस्तकरूपाने निघालं आणि ब्राझीलच्या बौद्धिक इतिहासात ‘अराराक्वाराचं व्याख्यान’ म्हणूनच ओळखलं जातं. त्याच दिवशी फोन्ते लुमिनोसावर फेरोव्हियारियाने पेलेच्या सांतोसला ४-० ने हरवलं. हा तोच सांतोस, ज्याने त्या वर्षी राज्याचं अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्या दोन वर्षांत जगही जिंकलं.

अराराक्वाराची माणसं हा दिवस सांगताना दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. व्याख्यान एकीकडे आणि सामना दुसरीकडे असं करत नाहीत. छोट्या शहराच्या क्लबची ओळख म्हणजे काय, हे मला या दिवसाइतकं स्पष्ट कशातच दिसत नाही. मोठ्या शहरात अशा दोन घटना घडल्या तर त्या दोन वेगळ्या वर्तमानपत्री पानांवर जातात. इथे त्या एकाच गावाच्या एकाच रविवारच्या आहेत. मोठं जग आपल्या दारात आलं आणि आपण त्याच्यापुढे ताठ उभे राहिलो, हा अभिमान दोन्हींत सारखा आहे.

खेळाडूंपैकी क्लबचा सर्वांत मोठा मानला जातो तो बाझानी. क्लबसाठी सर्वाधिक गोल त्याचेच. मध्यंतरी कोरिंथियन्सला जाऊन तो परत आला आणि नंतर प्रशिक्षक म्हणूनही त्याने संघ सांभाळला. छोट्या क्लबाला असा एक माणूस लागतो; मोठ्या शहराने बोलावलं तरी परत येणारा. दुदू परतला नाही, पण त्याच्याबद्दलही तिथे राग नाही. अराराक्वारात जन्मलेला हा मध्यरक्षक १९६४ मध्ये फेरोव्हियारियातून पाल्मेइरासला गेला आणि आदेमिर दा गियाबरोबर त्याने ब्राझीलच्या क्लब फुटबॉलमधली एक अजोड जोडी जमवली. त्याचा पुतण्या दोरिव्हाल ज्युनियर, जन्म अराराक्वाराचाच, कारकिर्दीची सुरुवात फेरोव्हियारियातूनच. तोच २०२४ आणि २०२५ च्या सुरुवातीला ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. नेपल्समध्ये माराडोनाच्या जोडीला खेळलेला करेका हाही अराराक्वाराचा. तो मात्र कांपिनासच्या ग्वारानीतून मोठा झाला. आपल्या गावचा हिरा दुसऱ्याच गावच्या क्लबाने घडवला ही सल छोट्या क्लबांना नेहमीची.

म्हणजे प्रश्नातला ‘खेळाडू पुरवतात’ हा भाग खरा आहे. पण त्यातला ‘नुसते’ हा शब्द खरा नाही. १९६५ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला, १९६६ मध्ये ती जिंकून परत आला आणि १९६७, १९६८, १९६९ अशी सलग तीन वर्षं राजधानी आणि सांतोस सोडून उरलेल्या राज्यातला सर्वोत्तम संघ ठरला. या किताबाला तिथे ‘इंटिरियरचं अजिंक्यपद’ म्हणतात. बाहेरच्याला हा समाधानासाठी काढलेला किताब वाटेल. मी तो तसा मानत नाही. वीसेक शहरं वर्षानुवर्षं एकमेकांशी झगडत असताना त्यात तीनदा ओळीने पहिलं येणं सोपं नव्हतं. १९६८ च्या राज्य स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडूही याच संघाचा होता: तेइया, २० गोल. ज्या राज्यात पेले खेळत होता त्या राज्यात.

त्यानंतरची उतरण लवकर सांगतो, कारण तिच्यात या क्लबचं असं वेगळं थोडंच आहे. १९७१ मध्ये राज्यातल्या पाचही सरकारी रेल्वे एकत्र करून फेपासा नावाची एक कंपनी केली गेली. अराराक्वाराची रेल्वे त्या दिवशी नावापुरतीही उरली नाही. १९९८ मध्ये फेपासाही केंद्राच्या रेल्वेत विलीन झाली आणि मार्ग खासगी कंपन्यांना दिले गेले. प्रवासी गाड्या बंद पडल्या, आज त्या रुळांवरून मालगाड्या जातात. क्लब १९८३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या वरच्या श्रेणीत खेळला, १९९४ मध्ये राष्ट्रीय तिसऱ्या श्रेणीचा उपविजेता झाला आणि १९९६ मध्ये राज्याच्या वरच्या श्रेणीतून जो खाली आला, तो पुढे थेट राज्याच्या चौथ्या पायरीपर्यंत घसरला.

रेल्वे मेली म्हणून क्लब घसरला, असं लिहायचा मोह होतो. इतकं सरळ नाही. खरं कारण पैशाच्या रचनेत आहे. राष्ट्रीय स्पर्धा मोठी होत गेली तशी राज्य स्पर्धा आखडत गेली. दूरचित्रवाणीचा पैसा राजधान्यांतल्या क्लबांकडे वळला. राष्ट्रीय स्पर्धेत जागा नसलेल्या क्लबला वर्षातले तीन-चार महिनेच खेळ उरला. उरलेले महिने खेळाडूंना पगार द्यायचा कुठून? मग करार छोटे, संघ दरवर्षी नवा, आणि गावाला आपल्याच संघातली नावं ओळखीची राहत नाहीत. साओ पाउलोतल्या डझनभर जुन्या क्लबांची हीच कथा आहे. २००५ मध्ये ब्राझील चषक जिंकलेला जुंदियाईचा पाउलिस्टा काही वर्षांत राज्याच्या तळाला गेला. रेल्वे असती तर फेरोव्हियारियाचा उतार कदाचित थोडा हळू झाला असता, एवढंच म्हणता येईल.

टिकाव धरला तो या टप्प्यावर, आणि तो शहराने धरला. २००३ मध्ये क्लबच्या फुटबॉलसाठी कंपनी स्थापन झाली. मैदान नगरपालिकेकडे गेलं, तिने ते जवळजवळ नव्याने बांधलं आणि २००९ मध्ये सुमारे २० हजार आसनांचं होऊन ते उघडलं. २००६ आणि २०१७ मध्ये राज्याचा चषक आला आणि २०१५ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून क्लब जवळजवळ वीस वर्षांनी राज्याच्या वरच्या श्रेणीत परतला. २०२३ मध्ये तो पुन्हा खाली आला, पण त्याच वर्षी राष्ट्रीय चौथ्या श्रेणीची अंतिम फेरी गाठली. तिथे समोर कोण होतं माहीत आहे? फोर्तालेझाचा फेरोव्हियारिओ. देशाच्या दोन टोकांच्या दोन रेल्वे कामगारांनी काढलेले क्लब, दोघांच्याही मूळ रेल्वे नाहीशा झालेल्या, एकाच अंतिम सामन्यात. फोर्तालेझावाले जिंकले. पुढच्याच वर्षी अराराक्वारावाले तिसऱ्या श्रेणीतूनही वर सरकले आणि २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळले.

आता महिला संघ. याच्यासाठी मी जास्त जागा ठेवली होती, कारण या क्लबवरचं बरंचसं लेखन इथे एक परिच्छेद टाकून मोकळं होतं आणि तो अन्याय आहे.

ब्राझीलमध्ये १९४१ च्या सरकारी हुकुमाने स्त्रियांना फुटबॉल खेळायला बंदी होती. ‘स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे’ खेळ, असं कारण. बंदी उठली १९७९ मध्ये. म्हणजे बाझानी-दुदूच्या सोनेरी काळात अराराक्वारातल्या एखाद्या मुलीने क्लबच्या सदऱ्यात खेळायचं ठरवलं असतं, तर ते बेकायदेशीर ठरलं असतं. बंदी उठल्यावरही मोठ्या क्लबांनी दशकानुदशकं महिला संघ लहर लागली की काढायचे आणि पैसा कमी पडला की आधी बंद करायचे, असंच केलं. फेरोव्हियारियाने नगरपालिकेच्या मदतीने २००१ मध्ये महिला संघ काढला आणि तो बंद केला नाही. पुरुषांचा संघ राज्याच्या खालच्या पायऱ्यांवर चाचपडत होता त्या काळात महिला संघ राज्य विजेता होत होता: २००२, २००४, २००५, पुन्हा २०१३. २०१४ मध्ये ब्राझील चषक आणि राष्ट्रीय अजिंक्यपद दोन्ही. २०१५ मध्ये कोलंबियात झालेल्या लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत चिलीच्या कोलो-कोलोला ३-१ ने हरवून दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद. राजधानीतल्या बड्या क्लबांच्या लक्षात हे यायच्या आत.

मग नियम बदलला. दक्षिण अमेरिकी महासंघाने ठरवलं की २०१९ पासून पुरुषांच्या लिबेर्तादोरेसमध्ये खेळायचं तर महिला संघ असलाच पाहिजे. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे कोरिंथियन्स, पाल्मेइरास, फ्लेमेंगो यांचा पैसा एकदम या खेळात आला आणि ज्यांनी वाईट दिवसांत तो जिवंत ठेवला त्या छोट्या क्लबांच्या खेळाडू महाग झाल्या. २०१९ चा राष्ट्रीय अंतिम सामना या पार्श्वभूमीवर बघा. समोर गतविजेता कोरिंथियन्स, ज्याने त्या वर्षी सलग ३४ सामने जिंकण्याचा विक्रम केला होता. पहिला सामना अराराक्वारात १-१. दुसरा साओ पाउलोत, कोरिंथियन्सच्या जुन्या पार्के साओ जॉर्ज मैदानावर, ०-०. पेनल्टींवर गोलरक्षक लुसियाना भिंतीसारखी उभी राहिली आणि फेरोव्हियारियाने ४-२ ने अजिंक्यपद नेलं. प्रशिक्षक होती तातिएले सिल्व्हेइरा. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली स्त्री प्रशिक्षक. तोवर स्त्रियांच्या या स्पर्धेतही करंडक दरवेळी पुरुष प्रशिक्षकाच्याच संघाकडे गेला होता, हे वाचून मी थबकलो होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी कोरिंथियन्सने लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत २-० ने परतफेड केली. पण २०२० ची लिबेर्तादोरेस, जी साथीमुळे मार्च २०२१ मध्ये अर्जेंटिनात खेळवली गेली, तिच्यात फेरोव्हियारियाने बुएनोस आयरेसमध्ये कोलंबियाच्या अमेरिका दे कालीला २-१ ने हरवलं. गोल सोशोर आणि अलिने मिलेने यांचे. प्रशिक्षक लिंडसे कामिला, ही स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री प्रशिक्षक. दोन सर्वांत मोठ्या स्पर्धा, दोन्हींत पहिली स्त्री प्रशिक्षक, दोन्ही वेळा त्याच अडीच लाख वस्तीच्या शहराचा क्लब. हा योगायोग म्हणता येत नाही. ज्या क्लबने स्त्रियांच्या फुटबॉलला अठरा-वीस वर्षं गंभीरपणे घेतलं, तिथे प्रमुख प्रशिक्षकाची खुर्ची स्त्रीला द्यायला कोणाला अवघड वाटलं नाही.

२०२३ मध्ये फेरोव्हियारिया आणि कोरिंथियन्स पुन्हा राष्ट्रीय अंतिम फेरीत भेटले. दुसरा सामना कोरिंथियन्सच्या नव्या मैदानावर, ४२ हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे. फेरोव्हियारिया २-१ ने हरली. पैशाचं अंतर आता भरून निघणारं नाही, हे त्या दिवशी दिसलं. पण त्या गर्दीपुढे कोरिंथियन्सला टक्कर द्यायला कोण उभं होतं, हेही दिसलं. या महिलांना ‘डाळिंबी रणरागिणी’ अशा अर्थाचं टोपणनाव आहे, आणि अराराक्वारातल्या शाळकरी मुलींना आज क्लबचा खेळाडू विचारला तर बाझानीच्या आधी लुसियानाचं नाव येईल असं मला वाटतं. येऊ दे. क्लबची ओळख पुढच्या पिढीकडे जाते ती अशीच.

प्रश्नकर्त्याला पुढे स्वतः खोदायचं असेल तर एक-दोन सूचना. क्लबचा इतिहास वाचताना राष्ट्रीय स्पर्धेच्या तक्त्यापासून सुरुवात करू नका. राज्य स्पर्धा आधी बघा, विशेषतः १९७१ पूर्वीच्या. राष्ट्रीय लीग म्हणून जी आज ओळखली जाते ती त्या वर्षी सुरू झाली, आणि छोट्या शहरांचे बहुतेक मोठे दिवस त्याआधीचे आहेत. क्लब कोणी काढला हे पाहताना संस्थापकाच्या नावापेक्षा त्याला पगार कोण देत होतं ते बघा. मैदान कोणाच्या मालकीचं आहे आणि ते हातोहात कसं गेलं, याच्यात क्लबची अर्धी गोष्ट असते. आणि महिला संघाची नोंद वेगळ्या पानावर असेल तर ते पान आधी उघडा.

पुढचा क्लब म्हणून बाउरूचा नोरोएस्ते घ्या. तोही रेल्वेचा, आणि शहर पेलेच्या लहानपणाचं. पेले मात्र नोरोएस्तेकडे नव्हे, त्याच गावातल्या बाउरू अ‍ॅथलेटिक क्लबच्या मुलांच्या संघात घडला. तो क्लब फुटबॉलमधून केव्हाच नाहीसा झाला, नोरोएस्ते अजून खेळतो आहे. दोघांपैकी हाच का टिकला ते शोधताना वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी, सभासद, मैदान आणि स्पर्धा, एकेक करून लावून बघा.